टायमिंग घसरतंय, झोप नाही, चिडचिड: ओव्हरट्रेनिंग, कमी खाणं की डिप्रेशन?

कोच_पाचहजार

लांब पल्ल्याच्या गटातल्या एका मुलीबद्दल विचारायचंय. वय १९, वजन ४८ किलो, इव्हेंट ५००० आणि १०००० मीटर. आठवड्याला ९० ते १०० किमी, रविवारी सुट्टी. गेल्या सहा आठवड्यांत ५००० चं टायमिंग १७:२० वरून १७:५८ वर गेलंय. इझी रनलाही पाय जड वाटतात म्हणते. रात्री दोन-अडीचला जाग येते ती सकाळपर्यंत. वॉर्मअपला गप्प असते आणि कोणी काही बोललं की डोळ्यांत पाणी. "ह्या वेळी सिलेक्शन गेलं तर सगळं संपलं" हे वाक्य दोनदा ऐकलं. घरचे म्हणतात, मन लावत नाही.

राज्याची ट्रायल पाच आठवड्यांवर आहे. प्रश्न असे:

१. हे ओव्हरट्रेनिंग, कमी खाणं की खरंच मानसिक आजार, हे मैदानावर कसं ओळखायचं?
२. रक्ताच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?
३. तिच्याशी बोलायचं कसं? पाळीबद्दल विचारणं मला, पुरुष कोचला, जमत नाही.
४. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या तर डोपिंगमध्ये अडकेल का?

लोह_मीटर

पहिल्या दोन प्रश्नांचं मी बघतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तीन खोके वेगळे आहेत असं धरून निघालात तर चुकाल. तिन्हींची लक्षणं जवळपास सारखी दिसतात आणि बऱ्याचदा तिन्ही एकाच मुलीत एकत्र असतात. कमी खाल्ल्याने झोप आणि मूड बिघडतो, मूड बिघडला की भूक मरते, आणि लोड (ट्रेनिंगचा भार) तेवढाच राहिला की खड्डा खोल होत जातो. म्हणून ओळखण्याचा क्रम ठरवा: आधी अन्न, मग लोड, आणि मनाची चौकशी पहिल्या दिवसापासून ह्या दोन्हींच्या सोबतीने. "आधी सगळे रिपोर्ट येऊ देत, मग मनाचं बघू" असं करू नका.

अन्नाचा हिशेब कागदावर होतो. चरबी सोडून उरलेलं तिचं वजन साधारण ३९ किलो धरा. धावण्याचा खर्च ढोबळमानाने दर किलोमागे, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी. १५ किमीच्या दिवशी ४८ × १५ = ७२० किलोकॅलरी. दिवसाचं खाणं १८०० असेल तर उरले १०८०, भागिले ३९ म्हणजे चरबीविना वजनाच्या दर किलोमागे साधारण २८ किलोकॅलरी. ३० च्या खाली गेलं की शरीर पाळी, हाडं, थायरॉइड ह्यांवरचा खर्च कापायला लागतं. निरोगी आकडा ४५ च्या आसपास मानतात. त्यासाठी तिला ४५ × ३९ + ७२०, म्हणजे २४७५ लागतील. तूट पावणेसातशेची. (३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. कोणाला ३३ वरही त्रास होतो. पण हिशेब मांडला की निदान चूक कुठल्या बाजूला आहे ते कळतं.)

पावणेसातशे म्हणजे ताटात काय? ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, एक पेला म्हशीचं दूध आणि मूठभर शेंगदाणे. एवढंच. "जेवते की भरपूर" असं मुली खोटं सांगत नाहीत. हॉस्टेलच्या मेसमध्ये सकाळच्या सेशननंतर दीड तास काही मिळत नाही, संध्याकाळी सेशनच्या आधी पोटात चहा-बिस्किट असतं, आणि भाजी-पोळीने पोट भरतं पण कॅलरी भरत नाहीत. तिची भूक बघू नका, घड्याळ बघा: सेशन संपल्यावर पहिला घास किती मिनिटांनी जातो? चतुर्थी, गुरुवार, नवरात्र असे उपास मोठ्या लोडच्या आठवड्यात पडतात का, हेही विचारा. उपास सोडायला लावू नका, त्या दिवशी लोड कमी ठेवा. आणि सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं करण्याची पद्धत असेल तर ती आजच बंद करा.

तपासण्या: सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, २५-ओएच व्हिटॅमिन डी, टीएसएच (थायरॉइड). हिमोग्लोबिन १२.५ आलं की "ठीक आहे" म्हणून सोडून देतात. ते ठीक असतानाही फेरिटिन १२ असू शकतं. धावणाऱ्या मुलींत फेरिटिन ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर वाया जाते, मध्ये किमान तासाभराचं अंतर हवं.

लोडचा हिशेब: रोज सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने तिला विचारा, ० ते १० मध्ये किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. आठवड्याची सरासरी भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन (रोजचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) म्हणजे एकसुरीपणा. रोज ६० मिनिटं, ६ गुण, रविवारी सुट्टी: आठवड्याचा लोड २१६०, एकसुरीपणा २.४. आता ६००, २००, ७००, २००, ५००, १५०, ० असा आठवडा घ्या: लोड २३५०, म्हणजे जास्तच, पण एकसुरीपणा १.४. दोनच्या वर सतत राहणं हे धोक्याचं चिन्ह. आपल्याकडे "इझी" दिवस खरे इझी नसतात, गटात धावायचं म्हणून सगळ्यात वेगवान मुलीच्या पेसवर सगळ्या ओढल्या जातात. तुमच्या गटाची इझी रन कोण ओढतं ते एकदा बघा.

तिसरी_लॅप

हिशेब मान्य. पण पाच आठवड्यांवर ट्रायल असताना हे सगळं करून दोन आठवडे विश्रांती म्हणजे सिलेक्शनवर पाणी. धावपटूला थोडा दबाव लागतोच. प्रत्येक रडण्याला आजार म्हणायला लागलो तर टीम उभी राहायची नाही.

लोह_मीटर

@तिसरी_लॅप, विश्रांती म्हणजे पलंगावर झोपणं नाही. पहिले १० ते १४ दिवस किलोमीटर निम्मे करा, डबल सेशन बंद, आठवड्यातून दोनदा ६ × १०० मीटर स्ट्राइड्स (सैल पण वेगवान छोट्या धावा) ठेवा म्हणजे पायांतला वेग जात नाही. मोठ्या स्पर्धेआधीच्या टेपरमध्येही आपण दोन आठवडे अंतर ४० ते ६० टक्के कमी करतो आणि टायमिंग सुधारतं. दोन आठवड्यांत दम फारसा जात नाही. उलट आता रेटलं आणि प्रकरण खऱ्या ओव्हरट्रेनिंग सिंड्रोममध्ये गेलं तर सावरायला महिने लागतात. ही ट्रायलही जाईल आणि पुढचा सीझनही.

ह्या दोन आठवड्यांत जे दिसेल तीच तुमची तपासणी. नुसता लोड जास्त झाला असेल तर आधी झोप आणि मूड सुधारतो, पाय मागून येतात. खाणं वाढवलं, लोड उतरवला, तरी चौदाव्या दिवशी मूड तिथेच असेल तर पुढची पायरी थांबवू नका.

रोज सकाळी पाच गोष्टींना १ ते ५ गुण द्यायला सांगा: झोप, थकवा, अंगदुखी, मूड, ताण. दोन मिनिटांचं काम. सकाळची नाडी आणि घड्याळातला एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला फरक) बघायला छान वाटतात, पण खेळाडूने स्वतः दिलेले गुण बदल बरेचदा त्याआधी दाखवतात. अट एकच: कमी गुण दिले म्हणून तिला सेशनमधून काढलं किंवा टोमणा मारला, की दुसऱ्या दिवसापासून वहीत सगळीकडे ४ दिसायला लागतील.

मनोमय

तिसऱ्या प्रश्नाकडे येते. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या बाजूने.

आधी @तिसरी_लॅप ह्यांच्या मुद्द्याचं. दबाव आणि आजार ह्यांत फरक असतो आणि तो विचारून कळतो. ट्रायलच्या आदल्या रात्री झोप न येणं, सेशन बिघडल्यावर रडू येणं हे खेळाचा भाग आहे. बघायचं ते हे: दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास किंवा कशातच रस नाही, असं आहे का? आणि हा रस जाणं खेळाबाहेरही पसरलंय का? नुसती थकलेली मुलगी सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर हसते, आवडीचं खाते, फोनवर रील बघत लोळते. डिप्रेशनमध्ये रविवारही सोमवारसारखाच जातो. त्यात स्वतःबद्दलची भाषा बदलते. "आज पाय चालले नाहीत" च्या जागी "मी ओझं आहे" येतं. "सिलेक्शन गेलं तर सगळं संपलं" हे वाक्य म्हणूनच हलक्यात घेऊ नका.

त्या वाक्याच्या मागे काय आहे तेही बघा. आपल्याकडे ग्रामीण भागातल्या मुलीसाठी राज्य आणि नॅशनल म्हणजे मेडलपुरतं नसतं. ते प्रमाणपत्र असतं, त्यावर खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण असतं, नोकरी असते, लग्न दोन वर्षं लांबवण्याचं कारण असतं. ललिता बाबर रिओला २०१६ मध्ये स्टीपलचेसच्या फायनलमध्ये दहावी आली आणि पुढे सरकारी अधिकारी झाली, ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या प्रत्येक घरात माहीत असते. प्रेरणा म्हणून ती उत्तम आहे, पण एका १९ वर्षांच्या मुलीच्या डोक्यात तिचा अर्थ "साडेसतरा मिनिटांवर माझं आयुष्य ठरणार" असा होतो. "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून हे जात नाही. जातं ते वस्तुस्थिती मांडल्यावर: ह्या वर्षात आणखी किती ट्रायल आहेत, वयोगट कधी बदलतो, शिक्षणाचं काय चाललंय, हे कागदावर तिच्यासोबत लिहा.

बोलायचं कसं: ट्रॅकच्या कडेला, गटासमोर, स्टॉपवॉच हातात घेऊन नको. कूल डाउनच्या वेळी शेजारी चालत. समोरासमोर बसलं की मुलं चौकशी चाललीय असं समजतात. "काय झालंय तुला?" ह्या प्रश्नाचं उत्तर नेहमी "काही नाही सर" असंच येतं. दिसलेलं सांगा: "गेले तीन आठवडे वॉर्मअपला तू गप्प असतेस. रात्री जाग येते म्हणालीस. टायमिंगचं नंतर बघू. कसं चाललंय?" आणि मग गप्प बसा. अर्धा मिनिट शांतता सहन करणं कोच लोकांना फार जड जातं, तेवढं करा. लगेच उपाय सांगू नका, दुसऱ्या खेळाडूचं उदाहरण तर नकोच.

आणि एक प्रश्न सरळ विचारा: "जगू नये असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, किंवा ती गप्प राहिली आणि तुम्हाला शंका वाटली, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. टेली-मानस १४४१६ हा केंद्र सरकारचा नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करून "खेळाडूबद्दल असं असं आहे, पुढे काय करू" विचारू शकता.

चाचण्यांबद्दल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची १६ वर्षांवरच्या खेळाडूंसाठी एक प्रश्नावली आहे, तिची पहिली पायरी दहा प्रश्नांची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण १० ते ५०. १७ किंवा जास्त आले की दुसऱ्या पायरीचे फॉर्म: चिंता, नैराश्य, झोप, दारू, इतर नशा, खाण्याच्या सवयी. हे गुण कोचने मोजायचे नसतात. ज्याच्या हातात टीमची यादी आहे त्याला कोणी खरं उत्तर देत नाही, आणि देऊही नये. फॉर्म डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्टकडे जाऊ द्या, तुम्हाला फक्त "पूर्ण लोड / अर्धा लोड / सध्या बंद" एवढंच कळलं तरी तुमचं काम होतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय असते आणि ती १९ वर्षांची, म्हणजे सज्ञान आहे. घरच्यांना काय सांगायचं ते ती ठरवेल.

दुखापत, आजारपण आणि मोठी स्पर्धा संपल्यानंतरचे आठवडे, ह्या तिन्ही वेळी ही प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची असते. शेवटची वेळ सगळे विसरतात. ट्रायल झाली, यश मिळालं तरी, नंतरचे दोन-तीन आठवडे मोकळे मोकळे आणि भकास जातात.

पाळीबद्दल: एकटीला विचारूच नका. गटातल्या सगळ्या मुलींना एक छापील फॉर्म द्या, बंद पाकिटात महिला फिजिओ किंवा महिला डॉक्टरकडे परत. तीन ओळी पुरतात: शेवटच्या पाळीची तारीख, गेल्या तीन महिन्यांत किती वेळा आली, गोळ्या चालू आहेत का. सलग तीन महिने आली नसेल तर ते "ट्रेनिंग चांगलं चाललंय" ह्याचं लक्षण नाही, काही कोच अजून असं समजतात. मुलांच्या गटातही कमी खाण्याचा त्रास होतो. तिथे विचारायचं ते सकाळचं इरेक्शन आणि इच्छा कमी झाली का. तो फॉर्म पुरुष डॉक्टरकडे.

गोळी_तपासा

चौथा प्रश्न. डोपिंगच्या भीतीने उपचार थांबवणं हे सगळ्यात जास्त दिसतं, आणि बहुतेक वेळा ती भीती निराधार असते.

डिप्रेशन आणि चिंतेसाठी पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या गोळ्या (एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन) वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत नाहीत. त्यांना टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट लागत नाही. पण त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, झोपेत बदल होऊ शकतात. म्हणून सुरुवात ट्रायलच्या आठवड्यात नको, आत्ताच झालेली बरी. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. आणि ह्या गोळ्या चालू असताना लाँग रनच्या आधी कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन सवयीने घेणं बंद करा, पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अडचण कुठे येते:

मिथाइलफेनिडेट (एडीएचडीसाठी) आणि मोडॅफिनिल स्पर्धेच्या काळात बंद. मिथाइलफेनिडेट खरंच लागत असेल तर नॅशनल पातळीच्या खेळाडूने नाडाकडे (देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे) टीयूईचा अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करायचा, निदानाच्या कागदपत्रांसह.

प्रोप्रानोलॉल, धडधड कमी करायला देतात ती. नेमबाजी आणि तिरंदाजीत बंदी. ॲथलेटिक्समध्ये बंदी नाही, पण हृदयाचे ठोके वर जाऊ देत नाही, त्यामुळे ५००० मीटरवाल्याला देणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) सुरू असेल तर खूप घाम आणि पाणी कमी पडणं, दोन्हींनी रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. आयब्युप्रोफेननेही वाढतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात धावणाऱ्याच्या डॉक्टरला हे माहीत हवंच.

आता ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं ते: सलाइन. अशक्तपणा आला की गावातल्या दवाखान्यात जाऊन "एक बाटली लावून या" ही आपल्याकडची जुनी सवय. शिरेतून १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही देणं ही बंदी असलेली पद्धत आहे, मग बाटलीत साधं मीठ-पाणी का असेना. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाच्या तपासण्यांचा भाग असेल तरच चालतं. फेरिटिन कमी आलं आणि कोणी लोहाचं ड्रिप सुचवलं तर हा नियम आधी दाखवा. तसंच जिमच्या दुकानातली "झोप आणि स्ट्रेससाठी" पावडर, सील नसलेली आयुर्वेदिक चूर्णं. त्यात काय मिसळलंय त्याची जबाबदारी खेळाडूवरच येते, "माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

ती नाडाच्या टेस्टिंग पूलमध्ये (कधीही चाचणी होऊ शकते अशा खेळाडूंच्या यादीत) असेल तर आणखी एक ताण असतो तो व्हेअरअबाउट्सचा, म्हणजे कुठे असणार ते आधी कळवण्याचा. दर तिमाहीला पत्ता आणि दररोज ६० मिनिटांची एक वेळ द्यायची, १२ महिन्यांत तीन चुका म्हणजे नियमभंग, शिक्षा साधारण दोन वर्षं. आधीच झोप उडालेल्या मुलीच्या डोक्यात हे घड्याळ चालू असतं. वेळ अशी द्या जेव्हा ती नक्की एका जागी असते: हॉस्टेलवर पहाटे ५ ते ६, उठल्यापासून ट्रॅकवर निघेपर्यंत. सुट्टीत घरी जाताना बस सुटायच्या आधी ॲपमध्ये पत्ता बदलायचा. ते काम कोचने आठवण करून देण्यासारखं आहे, पण भरायचं तिनेच.

तिसरी_लॅप

सलाइनचं माहीत नव्हतं. आमच्याकडे हे सर्रास चालतं.

कोच_पाचहजार

सगळ्यांचे आभार. आजपासून किलोमीटर निम्मे, डबल बंद, सकाळच्या सेशननंतर ट्रॅकवरच केळं, शेंगदाणे आणि दूध. फॉर्म उद्या छापतो, पाकिटं महिला फिजिओकडे जातील. बोलणं शनिवारी कूल डाउनला. रक्त सोमवारी सकाळी द्यायचं ठरवलंय, चालेल ना? आणि मेसवाल्यांना वेळ बदलायला सांगायचं तर काय मागू?

लोह_मीटर

सोमवार उत्तम, रविवारची सुट्टी आधी येते. जोरदार सेशनच्या दुसऱ्या दिवशी फेरिटिन खोटं वर दिसू शकतं. सकाळी नऊच्या आत, उपाशीपोटी, आणि रक्त देऊन होईपर्यंत धावायचं नाही. लोहाची किंवा बी-१२ ची गोळी आधीपासून चालू असेल तर कधीपासून, ते लॅबच्या कागदावर लिहून द्या.

मेसला "पौष्टिक द्या" म्हणालात तर फळाचा एक तुकडा जास्त येईल. नेमकं मागा: सकाळी सेशन संपल्यावर ३० मिनिटांत उकडलेली दोन अंडी किंवा वाटीभर उसळ, सोबत दोन पोळ्या. रात्री साडेनऊला एक पेला दूध. भात-वरण वाढताना तूप दोन चमचे, ते घ्यायचं की नाही हे मुलींवर सोडू नका, वाढूनच द्या.

मनोमय

@कोच_पाचहजार, शनिवारच्या बोलण्याच्या आधी एक: अर्धा लोड का केला, ते तिला आजच सांगा, आणि गटालाही एका वाक्यात, म्हणजे "तिच्या रक्ताच्या तपासण्या चालू आहेत" एवढंच. कारण न सांगता किलोमीटर कापलेत तर तिच्या डोक्यात त्याचा एकच अर्थ निघेल, की सरांनी नाव यादीतून काढलं. आणि शनिवारपर्यंत थांबायचं ते फक्त सविस्तर गप्पांसाठी. "सगळं संपलं" सारखं वाक्य मध्ये पुन्हा ऐकू आलं तर तो सरळ प्रश्न त्याच वेळी विचारा.